मोठ्या काकांना ऐकू जावं म्हणून

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरातलं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, संपला. मग हाव्दाला व्हायची, म्हणजे वाइन, सुगंधी मसाला आणि मेणबत्ती यांवर आशीर्वाद म्हणून शब्बाथला निरोप द्यायचा. मेणबत्ती वाइनमध्ये चर्र करून विझली की पप्पा थेट फोनकडे जात. पलीकडे ठाण्याला त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका. घरातले बाकीचे सगळे एकेक करून इस्राएलला आले, काका तेवढे मागे राहिले. आधी कोर्टातली टायपिस्टची नोकरी, मग पेन्शन, मग तलावपाळीवर फिरायची सवय, अशी त्यांची न येण्याची कारणं बदलत गेली, पण काका काही हलले नाहीत.

मी लहान असताना त्या फोनमध्ये गप्पा असायच्या. मग काकांचे कान गेले. आधी थोडे, मग बरेच. कानातलं यंत्र घालून फोन कानाला लावला की ते शिट्टी मारायचं, आणि यंत्र काढलं की काहीच ऐकू यायचं नाही. पप्पा ओरडायचे, "भाऊ, प्रकृती कशी हाय?" तिकडून काका शांतपणे सांगायचे, "हो, पडतोय थोडा थोडा." त्यांना वाटायचं, पप्पा पावसाचं विचारतायत. पप्पा आणखी वरच्या पट्टीत जायचे. समोरच्या घरातली मोरोक्कन बाई एकदा आईला विचारून गेली, दर शनिवारी तुमच्याकडे भांडण कसलं होतं.

शेवटी पप्पांनी फोन करणं सोडून दिलं. हाव्दालानंतर ते फोनशेजारच्या खुर्चीत तसेच बसून राहायचे, रिसीव्हर न उचलता. मला ते बघवत नसे.

मी तेव्हा तेल अविवला एका लहानशा कंपनीत लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायची, म्हणजे बहुतेक वेळ फोनवर त्यांची समजूत काढायची, आणि शुक्रवारी बसने घरी यायची. आमचं घर मित्स्पे रामोनला, वाळवंटात, एका प्रचंड खळग्याच्या काठावर. तिथे रानबकरे गावात शिरून लोकांच्या कुंड्या खातात आणि हिवाळ्यात वारा दारं वाजवतो. बेर शेवाला बस बदलून पोहोचेपर्यंत दुपार कलायला लागलेली असायची.

त्या हिवाळ्यात मला काकांच्या मुलाची ई-मेल आली. ठाण्याच्या घरी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर सगळ्यात खूश कोण, तर काका. कोर्टातली बोटं अजून तशीच होती, न बघता टाइप करायची. पण टाइप करणार कुणाला? चुलतभावानं लिहिलं होतं की हल्ली ते घरातसुद्धा कुणाशी फार बोलत नाहीत, आणि शनिवारी रात्री जेवण झालं की विचारतात, धाकट्याचं काही आलं का.

एवढं वाचल्यावर मला राहवेना. ऑफिसात टाकून दिलेलं एक जुनं मशीन होतं. ते मी पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन मित्स्पे रामोनला आले. पप्पांनी हॉलच्या कोपऱ्यात टेबल तयारच ठेवलं होतं, वर आईनं विणलेलं क्रोशाचं कापडही.

खरं तर यात अवघड काही नव्हतं. मशीनवर लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली, घालायचं, मोडेम फोनच्या तारेला जोडायचा, झालं. पण तो मोडेम निघाला अर्धवट जातीचा. त्या काळी असे मोडेम यायचे, अर्धा मोडेम कार्डावर आणि अर्धा प्रोग्रॅममध्ये. तो प्रोग्रॅम बाकीच्यांना तयार मिळायचा. आम्हा लिनक्सवाल्यांना मात्र तो आपल्या मशीनवर आपणच बांधून घ्यावा लागे, आणि बांधायला लागायचा कर्नेलचा सोर्स. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि सोर्स म्हणजे तो गाभा ज्या हजारो फायलींपासून बनतो त्या फायली. कुठलाही सोर्स चालत नाही. जो कर्नेल मशीनवर चालू आहे, नेमका त्याचाच हवा.

हे मी जेवताना समजावत होते. आई पूर्वी लोकांचे ब्लाउज शिवायची. तिनं लगेच पकडलं.

"म्हणजे माप बहिणीचं घेतलंस आणि ब्लाउज हिचा शिवलास, तर बाहीत हात तरी जाईल काय?"

"अगदी तेच."

"मग घे की बरोबर माप. त्यात काय एवढं?"

माझी धाकटी बहीण तेव्हा सैन्यात होती, तीही शुक्रवारीच घरी यायची. ती इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिब्रूत. ती म्हणाली, "सगळं जग वापरतं तेच का नाही टाकत यावर?" मी तिला सांगितलं की सगळं जग काय करतं ते मला शिकवू नकोस. लिनक्सच्या बाबतीत मी तेव्हा जरा तापट होते, आणि आजही फार निवले आहे असं नाही. ऑफिसातल्या एका रशियन सहकाऱ्यानंही सुचवलं होतं, बाहेरून लावायचा पुरा मोडेम घे आणि मोकळी हो. पण हा मोडेम चालवूनच दाखवायचा असं मी मनाशी धरलं होतं. दरम्यान पप्पांना म्हटलं, तोवर तुम्ही सांगा, मी ऑफिसातून काकांना पाठवते आणि उत्तर छापून आणते.

पप्पांनी मान हलवली. "भावाशी मी बोलणार. तू मधी कशाला? टेलिग्राम हाय काय तो?"

पहिल्या खेपेला सीडीवरचा सोर्स आणि चालू कर्नेल यांचं जुळलं नाही. ती माझी साधी चूक, ती लगेच कळली. पुढच्या शुक्रवारी ऑफिसातून नेमका सोर्स सीडीवर उतरवून आणला. पण हिवाळ्यातला शुक्रवार म्हणजे चिमूटभर दिवस. मी पोहोचते तेव्हा आईचं नारळाच्या दुधातलं चिकन प्लातावर चढलेलं असायचं. प्लाता म्हणजे शब्बाथभर जेवण गरम ठेवणारी विजेची तवी. घरात आंघोळीची रांग, बहिणीचे बूट दारात, आणि सूर्य खाली यायला लागलेला. ते जुनं मशीन तर बैलगाडीच्या चालीचं. सोर्स उलगडून, मांडून, त्यावर मोडेमचा तो प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बांधायला त्याला अर्धा दिवस सहज लागणार. आणि शनिवारी शब्बाथ सुटला की मला बेर शेवाची बस पकडायची असायची, कारण रविवारी सकाळी कामावर हजर. म्हणजे हातात काय, तर शुक्रवारची तेवढी दुपार.

मग मला सुचलं, मशीनला काम लावून द्यायचं आणि शब्बाथभर ते चालू ठेवायचं. मी हात लावणार नाही, ते आपलं आपण करत बसेल.

आईला विचारलं. ती म्हणाली, "प्लाता चालतो ना आपल्याआपण? मग हे पण चालू दे. पण त्याचा तो पडदा बंद कर, लाइट दिसतो."

पप्पा दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "शब्बाथला आपोआप चालणार हे?"

"हो. आपोआप."

"बेसेदेर," पप्पा म्हणाले. म्हणजे ठीक आहे. आणि ते स्टुलावर चढून त्यांच्या घड्याळांकडे वळले.

ही घड्याळं सांगायला हवीत. शब्बाथला आम्ही दिवा लावत नाही आणि विझवतही नाही. म्हणून भिंतीतल्या प्लगवर बसणारी घड्याळं मिळतात. गोल चकती, तिच्या कडेला बारीक खुंट्या. ज्या वेळच्या खुंट्या दाबाल त्या वेळी वीज जोडायची किंवा तोडायची. इथे घरोघरी एखादं असतं. पप्पा जन्मभर इलेक्ट्रिशियन, मुंबईत गिरणीत आणि इथे गावातल्या कारखान्यात. त्यामुळे आमच्याकडे खोलीगणिक होती. हॉलचा दिवा घड्याळावर, हीटर घड्याळावर, आईच्या खोलीतला पंखा घड्याळावर. दर शुक्रवारी मेणबत्त्या लावायच्या आधी पप्पा चष्मा नाकावर आणून सगळीकडे फिरत आणि खुंट्या दाबत. आम्हाला त्या टिकटिकीची इतकी सवय, की ती ऐकूच येत नसे.

तर मी शुक्रवारी मशीनला काम लावलं. शनिवारी संध्याकाळी हाव्दाला झाल्यावर पडदा चालू केला, तर मशीन अगदी नुकतंच जागं झाल्यासारखं, नाव विचारत उभं. काम अर्धवट. वाटलं, गावात वीज गेली असेल. वाळवंटातलं गाव, वारा सुटला की जाते. पुन्हा काम लावायला गेले तर सोर्समधली एक फाइल सापडेना. सोर्सचं पॅकेज, म्हणजे त्या सगळ्या फायलींचा गठ्ठा, पुन्हा बसवायला गेले तर मशीन म्हणालं, हे पॅकेज आधीच बसवलेलं आहे. मग फाइल कुठाय? बसची वेळ झाली.

पप्पांनी विचारलं, "झालं?"

"पुढच्या शनिवारी, पप्पा."

ते "बरं" म्हणाले आणि फोनशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

तेल अविवला मी लिनक्सवाल्यांच्या मेल-यादीवर प्रश्न टाकला. त्या यादीचा एकच कायदा होता, प्रश्न विचारणारा गाढव आहे असं धरून चालायचं. सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, तुझा कर्नेल आणि सोर्स जुळत नाहीत. मी लिहिलं, जुळतात. ते म्हणाले, नीट बघ. मी लिहिलं, नीट बघितलं. यावर एकानं मला कर्नेल म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे देत नाही.

पुढच्या शुक्रवारी पॅकेज मुळापासून काढून टाकलं, पुन्हा बसवलं, काम लावलं, पडदा बंद. शनिवारी पुन्हा तेच, फक्त आता वेगळी फाइल गायब. त्याच्या पुढच्या वेळी आणखी तिसरीच. दर वेळी मशीन मधेच बंद पडून पुन्हा सुरू झालेलं. मशीनची नोंदवही उघडून बघावी तर तिच्यात सुरू झाल्याची नोंद, बंद का पडलं याबद्दल अवाक्षर नाही. आणि पॅकेज आपलं ठामपणे सांगणार, मी आहे की बसलेलं. माझा संशय मेमरीवर गेला, कारण मेमरी खराब असली की मशीनं असंच वेड्यासारखं वागतात. ऑफिसातून चांगल्या मेमरीच्या पट्ट्या आणून बसवल्या. काही फरक नाही.

एव्हाना बहिणीनं हिब्रूत थट्टा सुरू केली होती. तिच्या तुकडीत म्हणे रणगाड्याचं इंजिनसुद्धा याच्याआधी दुरुस्त होतं. ठाण्याहून चुलतभावाच्या ई-मेल ऑफिसच्या पत्त्यावर येत होत्या, काका शनिवारी रात्री कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढून बसतात, त्यांना काय सांगू? पप्पा मात्र मला एका शब्दानं बोलत नव्हते. त्यांनी रागवावं असं मला वाटायचं. ते नुसते टेबलावरचं क्रोशाचं कापड सरळ करायचे.

एरवी शनिवारी दुपारी जेवण झालं की आम्ही बहिणी काठावर फिरायला जायचो. मग एका शनिवारी पाऊस लागला. मित्स्पे रामोनला पाऊस म्हणजे पाहुणाच, लोक खिडकीत उभे राहून बघतात. आम्ही घरातच राहिलो. जेवण आटोपलं होतं, आई बडीशेप फिरवत होती, पप्पा जांभया देत होते. हीटर घुमत होता आणि कोपऱ्यात मशीनचा पंखा.

खट् झालं. हीटर थांबला. पप्पांच्या वामकुक्षीची वेळ, हीटर रोजच तेव्हा थांबे. पण हीटरच्या मागोमाग कोपऱ्यातला पंखाही गुरगुरत, हळू होत होत, गप्प झाला.

मी कोपऱ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग दिसली टेबलाखालून वळत जाणारी, छान पट्टीनं बांधलेली वायर. ती हीटरच्या मागे जात होती, आणि तिथे हीटरच्या घड्याळाशेजारी आणखी एक घड्याळ होतं.

"पप्पा, कॉम्प्युटरचा प्लग कुठे लावलाय?"

"घड्याळावर."

"घड्याळावर का?"

पप्पांना प्रश्नच कळेना. "का म्हणजे? शब्बाथला आपोआप चालणार बोललीस ना तू? मग घड्याळावरच लावणार ना? घरात शब्बाथला आपोआप चालणारी कुठची वस्तू घड्याळावर नाय, सांग मला."

"फ्रिज," मी म्हटलं.

"फ्रिजची गोष्ट वेगळी. तुझ्या आईला रात्री या मशीनचा आवाज होतो, म्हणून रात्री बंद ठेवला. सकाळी चालू. दुपारी आपण झोपतो तेव्हा परत बंद. चांगला टाइम लावून दिला होता मी त्याला."

आठवडाभर फोनवर मी परक्या लोकांना पहिला प्रश्न हाच विचारायची, वीज नीट येतेय का? बहिणीनं उशीत तोंड खुपसलं होतं, तिचे खांदे हलत होते. मला आधी इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मग पप्पांचा चेहरा बघितला. त्यांनी माझ्यासाठी, काकांसाठी, दर शुक्रवारी हीटरमागे वाकून त्या मशीनच्याही खुंट्या दाबल्या होत्या, दिव्याइतक्याच काळजीनं. मला हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर ते आवरेना.

"हसतेस काय?" पप्पा म्हणाले. "काय चुकला माझा?"

सांगितलं. काम चालू असताना वीज तुटली की लिहायच्या राहिलेल्या फायली हवेत राहतात. पॅकेजच्या खात्यात नोंद झालेली असते, पण माल पोहोचलेला नसतो. पप्पा ऐकत ऐकत गंभीर झाले. ते उठून प्लगकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. शब्बाथ होता. प्लगला हात लावायचा नव्हता, त्यांनीही आणि मीही. रोग सापडला होता आणि तारे दिसेपर्यंत औषध देता येत नव्हतं.

"बसा आता," आई म्हणाली. "शब्बाथला कामाची गोष्ट नको."

पाऊस थांबल्यावर पप्पा म्हणाले, चल, काठावर जाऊ. त्यांची झोप उडालीच होती. ओल्या दगडांना मातीचा वास येत होता, खालचा खळगा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता, आणि एक रानबकरी पिल्लाला घेऊन आमच्याकडे बघत उभी होती. पप्पा काठाशी थांबले. मग म्हणाले, "माझ्यामुळे भाऊ इतके दिस वाट बघत बसला."

"नाही हो पप्पा. मीच आधी भिंतीकडे बघायला हवं होतं."

"लहानपणी आम्ही एका चटईवर झोपायचो," ते म्हणाले. "बाप कडक. दिवा गेला की बोलायचं नाय. मग भाऊ माझ्या कानाला तोंड लावून बोलायचा. अख्खी रात्र कुजबुज. त्याला कोण पोरगी आवडते ते पण मला तेव्हाच कळला. आता फोनवर मला ओरडायला लागायचा. ओरडून काय बोलणार माणूस? ओरडून फक्त 'बरा हायस काय' इतकंच विचारता येतं."

मला इतकी वर्षं वाटत होतं की काकांना ऐकू येत नाही हे पप्पांचं दुःख आहे. खरं दुःख त्यांना स्वतःला बोलता येत नव्हतं, हे होतं. मी त्यांचा हात धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही.

हाव्दाला झाल्या झाल्या पप्पांनी प्लग काढला आणि सरळ भिंतीत लावला. मी ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन केला, उद्या मी येत नाही. मग मशीन उघडून बसले. या वेळी मी पॅकेजला बसलंय का असं विचारलं नाही. तुझ्या सगळ्या फायली जागेवर आहेत का, असं विचारलं. पडदा भरून उत्तर आलं, ही नाही, ही नाही, ही नाही. वीज गेल्यावर लिनक्स बेवारस तुकडे एका जागी गोळा करून ठेवतं. त्या जागेचं नावच 'हरवलं-सापडलं' असं आहे. तिथे आमच्या कर्नेलचे तुकडे निनावी पडून होते. पप्पांना ती व्यवस्था फार आवडली. म्हणाले, सिनेगॉगमध्ये छत्र्यांसाठी आपलं पण असं कपाट हाय.

मग मी मशीनला बजावलं की बसलंय म्हणून नोंद असली तरी असू दे, तू पुन्हा बसव. सगळ्या फायली पुन्हा आल्या. काम लावलं आणि आम्ही झोपलो. सकाळी आई पोळ्या लाटत असताना ड्रायव्हर बांधून तयार होता, एकही तक्रार नाही. मोडेमला फोन लावायला सांगितलं. तो कर्कश ओरडला, खरखरला, मांजरासारखा किंचाळला, आणि लागला. पप्पांनी कानावर हात ठेवले. "हा माझ्यापेक्षा जास्त ओरडतो," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं, इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटानं. मला स्वयंपाकघरात पाठवून दिलं. मी पोळ्या खाल्ल्या, चहा घेतला, पुन्हा चहा घेतला. शेवटी हाक आली, "हा कुठे दाबू?" मी पडद्याकडे न बघता बटण दाखवलं. पत्र गेलं, आणि मी दुपारची बस पकडली.

आठवडाभर पप्पांनी मशीनला हात लावला नाही. मी गेल्यावर काही मोडायला नको, म्हणून. शुक्रवारी आले तेव्हा म्हटलं, चला, काकांचं उत्तर बघू.

"आत्ता नको. शब्बाथनंतर. तीच आमची वेळ हाय." मग जरा घुटमळले. "एक काम करशील? याला परत घड्याळावर लाव."

मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"ऐक तर," पप्पा म्हणाले. "आता नीट बंद करू. उद्या तारे दिसले, हाव्दाला झाली, की घड्याळ वीज देईल. मशीन आपोआप जागा होईल. आपोआप फोन लावील. होईल काय असा?"

होईल की. जुनं मशीन, त्याला वीज मिळाली की ते उठायचंच. उठल्यावर मोडेमनं फोन लावावा आणि टपाल आणावं, एवढ्या चार ओळी मी लिहून दिल्या. मशीन नीट बंद केलं. पप्पा हीटरमागे वाकले, चष्मा नाकावर आणला आणि खुंट्या दाबल्या. त्यांच्याइतका चांगला टाइम लावणारा माणूस मला ऑफिसात कधी भेटला नाही.

शनिवारी हाव्दाला जरा लवकर उरकली असं आईचं म्हणणं. मेणबत्ती विझली, आम्ही एकमेकांना "शावुआ तोव" म्हटलं, चांगला आठवडा जावो, आणि सगळे हॉलमध्ये उभे राहिलो. ठाण्यात शब्बाथ केव्हाच संपला होता, काकांची जेवणंही झाली असतील. खट् झालं. पंखा घुमला. दिवे लुकलुकले, आणि मग तो मोडेम जो ओरडायला लागला, तसा समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीचा पडदा बाजूला केला.

काकांचं पत्र होतं. कोर्टातल्या कागदासारखं, समास सोडून, परिच्छेद पाडून, एक चूक नाही. पप्पांनी खुर्ची पुढे ओढली. पहिली ओळ मला मागून दिसली, तेवढीच. "तुझं सगळं ऐकू आलं. आता माझं ऐक."

मी बहिणीला ओढून बाजूला नेलं, आई स्वयंपाकघरात गेली. पप्पा वाचत होते, पुटपुटत होते, मधेच हसत होते. मग त्यांचं बोट चालायला लागलं. टाइप करताना ते प्रत्येक शब्द तोंडानं म्हणत होते, पडद्याला अगदी चिकटून, कुजबुजत. काय ते आम्हाला कळत नव्हतं.

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "आज भावाशी बोलणं नाय काय? काहीच ऐकू येत नाय."

मी बसची पिशवी भरायला आत गेले.